वाचनशिफारस : मुंबईतील फँटसी व रोमान्सचे वाचक

फँटसी आणि रोमान्स या प्रकारांतली पुस्तके वाचकांनी एकमेकांना सुचवणे, वाचून झाल्यावर मत कळवणे आणि त्या मतावरून भांडणे, असा हा मोबाइलवर चालणारा व्यवहार. मुंबईच्या मराठी वाचकांत त्याची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : ‘काहीतरी सजेस्ट करा ना.’ परीक्षण आणि शिफारस यांची गल्लत करू नये. परीक्षण पुस्तकाचा निवाडा करते. शिफारस करणारा पुस्तकाची आणि वाचणाऱ्याची पत्रिका जुळवतो. म्हणून मुरलेला वाचक नाव सांगण्याआधी उलट विचारतो, आधीचं काय आवडलं होतं आणि कोणतं अर्धवट सोडलं? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून जास्त कळते.

ही सवय मोबाइलने लावलेली नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेपासून गल्लीतल्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या सर्क्युलेटिंग लायब्ररीपर्यंत ती सगळीकडे होती. वाचनालयातल्या कादंबरीचे शेवटचे कोरे पान उघडून पाहावे. पेन्सिलीने लिहिलेले असते ‘छान’, ‘बोअर’, ‘शेवट वाचून रडू आले’, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मला नाही आले’. त्याच पानावर ‘पुस्तकावर काही लिहू नये’ असा जांभळा शिक्काही असतो.

या प्रकारांवरचे आक्षेपही जुनेच आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली, आणि १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी आपल्या निबंधात असल्या असंभाव्य गोष्टींचा समाचार घेतला. पुढे ना. सी. फडके यांच्या प्रेमकथा आणि वि. स. खांडेकर यांच्याशी झालेला त्यांचा ‘कलेसाठी कला’चा वाद, यांवर पिढ्यान् पिढ्या बोलत राहिल्या. आज ‘ड्रॅगन आणि राजपुत्रांच्या गोष्टी या वयात?’ असे घरात ऐकावे लागणाऱ्या वाचकाला हे ठाऊक असलेले बरे.

सुचवणाऱ्यांची भाषा मात्र नवी आहे. तिचे चलन म्हणजे ‘ट्रोप’, अर्थात पुन्हापुन्हा येणारा कथेचा साचा. कथानक सांगत बसण्यापेक्षा ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हटले की आधी वैर आणि मग प्रेम हे समजते. ‘स्लो बर्न’ म्हणजे तीनशे पाने नुसते पाहणेच; याला कोणी मंद आच म्हणत नाही, म्हणायला हरकत नसावी. ‘वन बेड’मध्ये मुक्कामाच्या सराईवर एकच खोली आणि तीत एकच पलंग शिल्लक असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांनी अंथरुणे घालण्याची सवय असलेल्या शहरात या प्रसंगाला एवढा भाव का, हे कोडेच आहे, पण तो आहे. न वाचलेल्यांचा ढीग म्हणजे ‘टीबीआर’, अर्धवट सोडलेले ते ‘डीएनएफ’. शृंगाराच्या प्रमाणाला ‘स्पाइस’ म्हणतात व ते मिरच्यांच्या चिन्हांनी दाखवतात. मराठी बोलण्यात त्याचे सरळ ‘किती तिखट?’ होते. प्रश्न थट्टेचा वाटला तरी आईबरोबर ई-पुस्तकांचे एकच किंडल खाते वापरणाऱ्या मुलीला उत्तर आधी कळणे गरजेचे असते.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती रहस्य फोडण्यावरून. रोमान्समध्ये शेवट गोड होणार हा वाचकाशी केलेला करारच असतो, त्यामुळे ‘शेवटी लग्न होतं’ हे सांगणे गुन्हा नाही. उलट शेवट गोड नसेल तर तसे आधी न सांगणे हा गुन्हा. फँटसीत नेमके उलटे, कोण मरतो हे सांगितले की संपले. दोन्हींचे मिश्रण असलेल्या ‘रोमँटसी’त कोणता नियम लावायचा, हे अजून ठरलेले नाही. फँटसीबाबत आणखी एक चौकशी हमखास होते : ‘सीरिज पूर्ण आहे का?’ लेखकाची वाट पाहून पोळलेले वाचक शेवटचा भाग हाती येईपर्यंत पहिल्याला हात लावत नाहीत. रोमान्सच्या मालिकेत बहुधा एकेका भावंडाचे एकेक पुस्तक असते, त्यामुळे ती मधूनही उचलता येते.

मुंबईने या चौकशीत स्वतःची एक भर घातली आहे : ‘लोकलमध्ये उभ्याने वाचता येतं का?’ बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. धीम्या गाडीने तासाहून अधिक. एक हात कडीला, दुसऱ्या हातात सातशे पानांचा फँटसीचा ठोकळा, आणि पान उलटायला तिसरा हात नाही. म्हणून जाड पुस्तक सुचवताना ते फोनवर वाच, ऐकण्यात मिळत असेल तर ऐक, किंवा विंडो सीट मिळणाऱ्या स्टेशनावरून चढत असशील तरच घे, असा सल्ला जोडला जातो. प्रकरणे छोटी असणे हा गुण इथे साहित्यिक नसून वेळापत्रकाचा आहे. अंधेरी ते दादर एवढ्यात एक प्रकरण संपले पाहिजे.

साधने अनेक आहेत आणि ती बदलत राहतात. परदेशात पुस्तकांचे छोटे व्हिडिओ टिकटॉकवर फोफावले. भारतात त्यावर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि इथली मंडळी इन्स्टाग्राम रील्सकडे वळली. गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावर वाचलेल्याची नोंद आणि तारे ठेवतात. तिथे दोन ताऱ्यांचा मूळ अर्थ ‘ठीक होते’ आणि तीनचा ‘आवडले’ असा आहे, पण परीक्षेच्या गुणांवर वाढलेल्या आपल्या लोकांना पाचापैकी तीन म्हणजे जेमतेम पास वाटतात. त्यामुळे चार तारे ही सौजन्याची किमान पातळी झाली आहे. पाव ताऱ्यापर्यंत काटेकोर मत देऊ देणारे स्टोरीग्राफ हे तसलेच संकेतस्थळ चिकित्सक वाचकांना म्हणूनच जवळचे वाटते.

ताऱ्यांपेक्षा कारणासह दिलेली नापसंती जास्त उपयोगी पडते. ‘हिरो फारच पझेसिव्ह, पहिली शंभर पानं नुसती राजवाड्यातली कारस्थानं, मी सोडलं,’ असे एकीने लिहिले की तिघींनी ते त्याच दिवशी मागवलेले असते. त्यांना नेमकी कारस्थानेच हवी असतात. ‘मस्ट रीड, अप्रतिम’ या शब्दांतून मात्र कोणालाच काही कळत नाही. पुस्तक फुकट मिळाले होते का, हेही कळायला हवे. मुख्यालय मुंबईत असलेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ च्या मार्गदर्शक सूत्रांत पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या प्रसिद्धीवर तशी खूण असावी असे म्हटले आहे. प्रकाशनापूर्वी मिळणारी प्रतही त्यात मोडते, हे अनेकांच्या गावी नसते.

चर्चा मराठीत आणि पुस्तके बहुतांशी इंग्रजी, हे या वर्तुळाचे उघड व्यंग आहे. ‘मराठीत असं काही?’ असे कोणी विचारले की क्षणभर शांतता पसरते आणि मग नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव येते. धारप मुख्यतः भयकथांचे लेखक. फँटसी मागणाऱ्याला ते देणे म्हणजे श्रीखंड मागणाऱ्याला मिसळ वाढण्यासारखे आहे, पण मिसळ चांगली असल्याने तक्रार होत नाही. प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठी प्रेमकथा भागाभागाने भरपूर वाचल्या जातात. मात्र तिथले वाचक आणि हे वाचक एकमेकांना फारसे भेटत नाहीत, आणि यात तोटा या इंग्रजी वाचणाऱ्यांचा आहे.

सुचवलेले पुस्तक मिळवायच्या वाटा शहराने आखून दिल्या आहेत : फ्लोरा फाउंटनच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथांवरचे पुस्तकविक्रेते, चर्चगेटजवळ सुंदराबाई हॉलमधली प्रदर्शने, नाहीतर दादर स्टेशनवर ‘इंडिकेटरखाली भेटू’ म्हणून केलेली अदलाबदल. घरात ठेवायला जागा नसल्याने पुस्तक पुढे गेलेलेच बरे असते. पदपथावर गाजलेल्या रोमान्सच्या पायरेटेड प्रतीही मिळतात. मूळ मुखपृष्ठावरची उठावाची अक्षरे तिथे सपाट असतात, शाई करडी असते आणि बांधणीत सोळा पानांचा एखादा फर्मा दोनदा लागून पुढचा गायब असतो. १९३ ते २०८ ही पाने पुन्हा वाचल्यावर एकदम २२५ वे पान, आणि नायक-नायिकेचे भांडण मिटलेले! अशा वेळी रात्री अकरा वाजता मोबाइलवर विचारणा होते, ‘२०९ ते २२४ कोणाकडे आहेत?’ कोणीतरी आधी खोटी प्रत घेतल्याबद्दल झापते, मग सोळा पानांचे फोटो काढून पाठवते. त्यातल्या एका पानाचा कोपरा तिच्या अंगठ्याखाली गेलेला असतो.