४०२ मीटरपुरती हवा कमी, बाकी रस्ताभर पूर्ण

मार्च लागला की जालना असो नाहीतर लातूर, टायरमध्ये हवा भरायला गेलं की एक सल्ला फुकटात मिळतो. 'ऊन वाढलंय, दोन-चार पॉइंट कमीच ठेवू, नाहीतर फुटंल.' सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण भौतिकशास्त्र नेमकं उलट सांगतं. मुद्दाम हवा कमी करणारेही आहेत, ते म्हणजे ड्रॅग रेसवाले. मात्र तेही फक्त ४०२ मीटरपुरते.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीनं सरळ रेषेत पाव मैल कमीत कमी वेळात तोडायचा. अमेरिकेत २००५ पासून 'हॉट रॉड ड्रॅग वीक' भरतो. तिथं तीच गाडी ट्रॅकवर पळवायची आणि तीच चालवत पुढचा ट्रॅक गाठायचा, पाच दिवसांत साधारण १,६०० किलोमीटर. आपल्याकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. जालन्याच्या पोराला रोजच्या गाडीनं उतरायचं तर संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे करत साडेतीनशेहून जास्त किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. (समृद्धीवर रात्री हौस भागवणारे यात धरलेले नाहीत. ती शर्यत नव्हे, गुन्हा आहे.)

कूलंट, ब्रेक ऑइल, क्लच प्लेट बघून घ्या, डिकी रिकामी करा, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. खरी मेख टायरमध्ये आहे.

शाळेत आपण शिकलो की घर्षण पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकडाच्या ठोकळ्यापुरतं ते बरोबर आहे. रबर मात्र हा नियम पाळत नाही. एका चाकावर ३०० किलो भार आणि आत ३३ पीएसआय (पंपावरच्या भाषेत ३३ पॉइंट) हवा असेल, तर टायर रस्त्याला टेकतो तो साधारण १३० चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर. हवा २२ वर आणली की हीच जागा १९० च्या पुढे जाते. दर चौरस सेंटिमीटरवरचा भार घटतो, आणि रबराची पकड अशा वेळी वाढते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, आणि गाडी झपकन सुटली की भार मागे सरकतो. हजार किलोच्या गाडीत जवळजवळ ९० किलो. म्हणजे जिथं पकड हवी तिथलंच वजन पळतं. म्हणून पुढच्या टायरमधली हवा थोडी काढायची.

आता ही पकड येते कुठून? रबर दाबलं की ते उसळी मारून परत येतं, पण घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. काही भाग उष्णतेत जातो. डांबरातल्या खडीवरून टायर किंचित घसरतो तेव्हा प्रत्येक खडा रबराला दाबतो, रबर उशिरा परत येतं आणि खड्याच्या मागच्या बाजूला पुरेसं रेटत नाही. पुढून रेटा जास्त, मागून कमी. हा फरक म्हणजेच पकडीचा मोठा हिस्सा. (रेणूंचं एकमेकांना चिकटणं हा दुसरा.) ऊर्जा गमावण्याचा हा दुर्गुण नसता तर गाडी जागेवरच चाकं फिरवत बसली असती.

हाच दुर्गुण हायवेवर जिवावर उठतो. ताशी १२० किलोमीटरला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरतं, आणि दर फेरीत साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, प्रत्येक भाग एकदा वाकतो. हवा कमी म्हणजे वाकणं जास्त, गमावलेली ऊर्जा जास्त, उष्णता जास्त. खडीवर हे दाबणं-सुटणं सेकंदाला हजारो वेळा होतं, साइडवॉलमध्ये १७ वेळा. टायर बनवणाऱ्यांची सारी कसरत हीच, की वेगवान कंपनांना रबरानं भरपूर ऊर्जा गमवावी आणि संथ कंपनांना कमी. सिलिका मिसळून हे बरंचसं साधतं, पण पूर्ण नाही. हवा कमी असलेल्या टायरमध्ये उष्णता साचत जाते, शेवटी रबर आणि आतल्या दोऱ्यांची पकड सुटते आणि टायर फुटतो.

मग उन्हानं वाढणाऱ्या दाबाचं काय? सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर ६५ अंशांपर्यंत तापला तर आतला दाब ३९ च्या आसपास जातो. कंपनीनं हे गृहीत धरूनच दारावरच्या पट्टीवर थंड टायरचा आकडा छापलेला असतो. नायट्रोजन भरल्यानंही हे गणित बदलत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि तापला की तोही तसाच पसरतो. ओल कमी, गळती थोडी हळू, एवढाच फायदा. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा तर तेवढाही नाही.

तेव्हा डिकीतून सगळं काढलं तरी हवा मोजायचं गेज आणि १२ व्होल्टचा पंप ठेवा. धावपट्टीवर पोहोचल्यावर हवा दोन-दोन पॉइंट काढत बघा, कारण फार कमी केली की साइडवॉल लोळते आणि टायर रिमवरून सरकू शकतो. परतताना गडबड होते ती इथं : टायर तापलेला असताना गेजवर ३३ दिसेपर्यंत भरलं, तर निवल्यावर आकडा २७-२८ वर येतो. तेव्हा गरम टायरमध्ये पाच-सहा पॉइंट जास्त भरून निघा, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गेज लावून आकडा जुळवा.