नागपूरच्या उपनगरी बाजाररस्त्यांची पार्श्वभूमी

प्रतापनगर, खामला किंवा त्रिमूर्तीनगरच्या मुख्य रस्त्यांवर आज जो बाजार दिसतो तो बहुतांशी कोणी आखलेला नाही. राहत्या घरांच्या अंगणांतून तो हळूहळू रस्त्याकडे सरकत आला. या रस्त्यांचे पुनरुज्जीवन करायचे, त्यासाठी जमीनवापराचे विभाग आणि बांधकामाचे निकष बदलायचे, अशी चर्चा होते तेव्हा हे निकष मुळात कशासाठी घडले, हे पाहावे लागते.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१० च्या दशकात नागपूर नगरपालिकेसाठी अहवाल तयार केला होता. जुन्या वस्तीची सरसकट पाडापाड न करता मोजक्या जागी सुधारणा करावी, हा त्यांच्या एकूण कामाचा आग्रह होता. पुढे १९३६ च्या अधिनियमाने नागपूर सुधार प्रन्यास ही शहरविकासाची संस्था अस्तित्वात आली आणि शहराची वाढ ‘सुधार योजना’ आणि ले-आऊट या दोन शब्दांत बोलली जाऊ लागली. ले-आऊटमध्ये भूखंड, रस्ता आणि मोकळी जागा यांचा हिशेब असे. दुकान आणि रस्ता एकमेकांना कसे भेटतील, हा प्रश्न त्या नकाशात फारसा नव्हताच.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने विकास आराखड्याला कायद्याचे बळ दिले. नागपूरचा सुधारित आराखडा २००० साली मंजूर झाला. दरम्यान शेतजमिनींवर विनापरवाना ले-आऊट पडतच होते. नागपूरकरांच्या तोंडी ‘५७२’ आणि ‘१९००’ हे ले-आऊटांच्या संख्येचे आकडे त्यांच्या नियमितीकरणामुळे रुळले. २००१ च्या गुंठेवारी (विनापरवाना पाडलेले लहान भूखंड) कायद्याने अशा बांधकामांना नियमित होण्याची वाट दिली. मात्र बाजारासाठी जागा न सोडलेल्या अरुंद रस्त्यांवर दुकाने येणारच होती, आणि ती आली.

या सगळ्या नियमांची नजर भूखंडाच्या आत राहिली, असे माझे मत आहे. चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या तुलनेत एकूण किती बांधकाम करता येते ते प्रमाण) किती, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती, वाहनतळ किती, एवढे ठरले की परवानगीचे काम संपते. प्रत्यक्षात काय घडते? घराची कुंपणभिंत पडते, समोरच्या सामासिक अंतरात फरशी बसते, शटरपुढे तीन पायऱ्या येतात आणि दुचाकी चढवायला नालीवर लोखंडी पत्रा टाकला जातो. शेजारच्या गाळ्याचा ओटा वीतभर खाली असतो, त्यापुढच्याचा वर. मध्ये पान ठेला. पायी चालणारा शेवटी रस्त्यावरच उतरतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे, पण ती रस्त्याच्या हद्दीतली. ओटा आणि पायरी या भूखंडाच्या हद्दीत, म्हणजे दुसऱ्याच कागदावर.

मेट्रोमुळे हिशेब पुन्हा बदलला. २०१७ मध्ये मार्गिकेच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटर पट्ट्यात, भूखंडाचा आकार आणि रस्त्याची रुंदी पाहून, ४ पर्यंत निर्देशांकाची तरतूद झाली; २०१९ मध्ये वर्धा मार्गावर गाडी धावू लागली. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि निवासी विभागात कोणता व्यवसाय चालेल हे रस्त्याच्या रुंदीशी जोडले गेले.

उपनगरात बाजार आधी आखून मग बांधण्याचा मोठा प्रयत्न म्हणजे वर्धा मार्गापासून जयताळ्यापर्यंतचा, सुमारे साडेपाच किलोमीटरचा ऑरेंज सिटी स्ट्रीट. आधी त्याला लंडन स्ट्रीट म्हणत. तिथे जमीन महापालिकेची, त्यामुळे इमारतींची रेषा विक्रीपूर्वी ठरवता येते. खामल्यात तसे नाही. प्रत्येक भूखंडाचा मालक वेगळा आणि पुनर्बांधणीची वेळही वेगळी. दर्शनी बाजूचे निकष उद्या लागू झाले तरी एक इमारत मागे सरेल, शेजारची जुनी पुढेच राहील आणि काही वर्षे रस्त्याची कड दातेरी दिसेल. ओट्याची उंची, पायऱ्यांची जागा आणि सलग फरशी या अटी परवानगीच्या कागदावर लिहिल्या जातील तेव्हाच ती कड सरळ होण्याला सुरुवात होईल, आणि त्यासाठी महापालिका व प्रन्यास या दोन्हींच्या कागदांवर अट एकच असावी लागेल.