निवासी व्यसनमुक्ती उपचार : आश्रयगृहापासून सोबतीच्या घरापर्यंत

व्यसनमुक्ती केंद्रात कोणाला दाखल करायचे ठरले की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती दिवस ठेवावे लागेल’ असा असतो. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या प्रश्नाला एक वर्ष, तीन वर्षे, चार आठवडे अशी निरनिराळी उत्तरे मिळाली. ती ठरवताना वैद्यकीय पुराव्यापेक्षा कायदा, पैसा आणि त्या त्या काळाची नीतिकल्पना यांचाच हात अधिक होता. केंद्रात राहिल्याने नेमके काय साधते आणि बाहेर पडल्यानंतर काय लागते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे उमगायला फार वेळ गेला.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस ठळक झाला. अमेरिकी डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ मध्ये कडक मद्याच्या परिणामांवर पुस्तिका लिहिली आणि १८१० मध्ये मद्यपींसाठी वेगळे गृह असावे, असे सुचवले. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ च्या आपल्या ग्रंथात दारूच्या सवयीला मनाचा आजार म्हटले. प्रत्यक्ष कामाला मात्र डॉक्टरांच्या आधी मद्यपीच लागले. १८४० मध्ये बाल्टिमोरमध्ये सहा मद्यपींनी एकत्र येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यातून वॉशिंग्टोनियन चळवळ उभी राहिली. ही चळवळ फार टिकली नाही. पण ज्याला राहायला सुरक्षित जागा नाही त्याची शपथ दोन दिवसही टिकत नाही, हा तिचा अनुभव मागे उरला आणि १८५७ मध्ये बॉस्टनमध्ये याच विचाराचे निवासगृह सुरू झाले.

त्याच सुमारास दुसरा प्रवाहही आकाराला येत होता. डॉ. जे. एडवर्ड टर्नर यांच्या प्रयत्नांतून न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे १८६४ मध्ये केवळ मद्यपींसाठीचे भव्य रुग्णालय उघडले. गृहांत लोक आपणहून येत, थोडे दिवस राहत आणि एकमेकांच्या आधाराने सावरत. रुग्णालयाच्या पुरस्कर्त्यांना मात्र दीर्घ मुदत, वैद्यकीय देखरेख आणि रुग्णाला अडवून ठेवण्याचा कायदेशीर अधिकार हवा होता. बिंगहॅम्टनची ती संस्था पुढे मनोरुग्णालयात रूपांतरित झाली, पण तिचा विचार ब्रिटनमध्ये कायद्यात उतरला. १८७९ च्या कायद्याने मद्यपीला स्वतः अर्ज करून परवानाधारक निवासात दाखल होता येई, मात्र सही केल्यावर एक वर्षापर्यंत त्याला तिथून निघता येत नसे. १८९८ च्या कायद्याने वारंवार गुन्हा करणाऱ्या मद्यपींना तीन वर्षांपर्यंत सुधारगृहात ठेवण्याची सोय केली. या सुधारगृहांत प्रत्यक्षात पोहोचल्या त्या मुख्यतः गरीब स्त्रिया. उपचाराच्या नावाखाली बंदिवास कोणाच्या वाट्याला येतो, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

बाजारानेही आपला वाटा लगेच उचलला. डॉ. लेस्ली कीली यांनी १८७९ मध्ये इलिनॉयमधील ड्वाइट या गावी ‘सोन्याच्या क्षारा’चा उपचार सुरू केला. रुग्ण सुमारे चार आठवडे राहत आणि दिवसातून चार वेळा इंजेक्शन घेत. औषधाची कृती गुप्त होती आणि स्वतंत्र तपासणीत त्यात सोने आढळले नाही. तरीही अनेकांना गुण आला असे म्हणत आणि मला ते सर्वस्वी खोटे वाटत नाही. तिथे रुग्णांना कोंडून ठेवले जात नसे, त्यांना मानाने वागवले जाई आणि घरी परतल्यावर माजी रुग्णांचे क्लब त्यांना सांभाळून घेत. इंजेक्शन निरुपयोगी असले तरी त्याच्या भोवतीची माणसे निरुपयोगी नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ ऑगस्ट फोरेल यांनीही जवळपास हेच पाहिले. त्यांच्या हातून न सुधारणारे मद्यपी स्वतः दारूला न शिवणाऱ्या एका मोच्याच्या संगतीत सुधारत होते. फोरेल यांनी स्वतः दारू सोडली आणि १८८९ मध्ये एलिकॉन येथे मद्यपींसाठी निवासी संस्था स्थापन केली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत यातले बरेच मोडून पडले. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफूजन्य पदार्थांवर नियंत्रण आणले, १९१९ च्या न्यायालयीन निकालाने व्यसनी रुग्णाला केवळ त्याचे व्यसन भागावे म्हणून ते पदार्थ लिहून देण्याचा मार्ग डॉक्टरांना बंद केला आणि १९२० मध्ये दारूबंदी आली. दारूच नाही तर मद्यपी कुठून येणार, या समजुतीने गृहे आणि रुग्णालये बंद पडत गेली. व्यसनी माणसे मग तुरुंगांत दिसू लागली आणि तुरुंगांवरचा तो भार हलका करण्यासाठी सरकारने १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे प्रचंड ‘नार्कोटिक फार्म’ उघडले. तिथे कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकत्र राहत, शेती आणि गुरांची कामे करत. व्यसन तुटताना शरीरात काय होते याविषयीचे मोलाचे संशोधन तिथे झाले, जरी त्यातले काही कैद्यांवरच्या प्रयोगांचे होते आणि आज ते नैतिकदृष्ट्या मान्य होणार नाही. उपचार म्हणून मात्र निष्कर्ष निराशाजनक ठरला : सुटून जुन्या वस्तीत परतलेले बहुतांश लोक पुन्हा व्यसनाकडे वळले.

त्याच १९३५ साली ओहायोतील अ‍ॅक्रन येथे दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही मद्यपींनीच एकमेकांना दारू सोडायला मदत करण्याची संघटना सुरू झाली. तिच्यात इमारत नव्हती, फी नव्हती, डॉक्टरही नव्हता. निवासी उपचाराशी तिची गाठ पडली ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात. विल्मर येथील सरकारी मनोरुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसतज्ज्ञ डॅनियल अँडरसन यांनी पन्नाशीच्या दशकात मद्यपींच्या वॉर्डांची कुलुपे काढली आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून पगारी नेमले. डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि जुना मद्यपी यांनी एका टेबलाशी बसून रुग्णाचा विचार करणे ही त्या काळी धक्कादायक गोष्ट होती. १९४९ मध्ये एका शेतघरात सुरू झालेल्या हेझेल्डन या केंद्राने हीच पद्धत रुजवली आणि तिथून व्याख्याने, गटचर्चा, एएने सांगितलेल्या सुधारणेच्या बारा पायऱ्या आणि शेवटी एएकडे सोपवणे हा क्रम जगभर गेला.

या मार्गाची काळी बाजूही नोंदवायला हवी. एएमधूनच आलेल्या चार्ल्स डेडरिक यांनी १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘सिनॅनॉन’ ही वसाहत सुरू केली. हेरॉइनच्या व्यसनींनी एकत्र राहायचे, काम करायचे आणि गटात एकमेकांवर निर्दय टीका करून ढोंग उघडे पाडायचे, अशी तिची रीत होती. असाध्य मानलेले लोक तिथे खरोखर सावरले, म्हणून तिचे कौतुकही अफाट झाले. पण बाहेरचा कोणी हिशेब मागणारा नव्हता. पुढे वसाहतीतून बाहेर पडणे म्हणजेच अपयश ठरले, सभासदांवर नसबंदीची आणि जोडीदार बदलण्याची सक्ती झाली आणि १९७८ मध्ये विरोधी वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. डेटॉप आणि फिनिक्स हाउस यांसारख्या संस्थांनी सामुदायिक निवासाची कल्पना उचलून पुढे बरीच सौम्य केली. तरीही ‘माणूस मोडल्याशिवाय घडत नाही’ ही समजूत काही केंद्रांतून अजून गेलेली नाही.

१९७० नंतर अमेरिकेत सरकारी निधी आणि आरोग्यविमा आला आणि २८ दिवसांचा मुक्काम हा जणू नियम होऊन बसला. २८ हा आकडा कोणत्याही तुलनात्मक चाचणीतून आलेला नाही. उलट १९७७ मध्ये लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स, जिम ऑर्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर विवाहित मद्यपी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्यांना एकदाच सविस्तर सल्ला मिळाला होता आणि उरलेल्यांना गरजेनुसार रुग्णालयासह नेहमीचे उपचार. वर्षअखेर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. निवासी उपचार व्यर्थ आहेत असा याचा अर्थ नव्हे. ज्याला दारू थांबवताच झटके किंवा भ्रम होण्याचा धोका आहे, ज्याचे घरच व्यसनाचे ठिकाण आहे, त्याला निवास लागतोच. पण तो सरसकट सर्वांना का, हे विचारणे त्यामुळे भाग पडले आणि विमा कंपन्यांनी पुढे खर्च कापण्यासाठी असल्या निष्कर्षांचा सोयीस्कर वापरही केला.

केंद्रानंतरच्या काळाला एक साधे उत्तर १९७५ मध्ये मेरीलँडमध्ये सापडले. सिल्व्हर स्प्रिंग येथील संक्रमणगृह, म्हणजे उपचारानंतर काही काळ राहायचे घर, बंद होणार म्हटल्यावर तिथल्या रहिवाशांनी तेच घर स्वतः भाड्याने घेतले. ऑक्सफर्ड हाउस म्हणून पसरलेल्या या घरांत पगारी व्यवस्थापक नसतो, खर्च सगळे वाटून घेतात, निर्णय मताने होतात आणि जो पुन्हा पितो त्याला घर सोडावे लागते. उपचारानंतर या घरांत राहिलेले आणि नेहमीच्या पाठपुराव्यावर सोडलेले अशा १५० जणांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ६५ टक्के लोक नशा करत होते.

औषधांचा प्रश्न या घरांना आणि केंद्रांना सर्वाधिक जड गेला. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर हेरॉइनच्या व्यसनासाठी मेथाडोन या पर्यायी औषधाचा दीर्घकालीन वापर पुढे आणला. २००२ पासून अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच कामाचे दुसरे औषधही उपलब्ध झाले. बारा पायऱ्यांवर चालणाऱ्या अनेक ठिकाणी ते ‘एक नशा सोडून दुसरी’ मानले गेले आणि औषध घेणाऱ्याला प्रवेश नाकारला गेला. दरम्यान, निवासात काही आठवडे काढल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि बाहेर पडून पूर्वीइतकीच मात्रा घेणाऱ्याचा मृत्यू ओढवू शकतो, हे समोर येत गेले. २०१२ मध्ये हेझेल्डनने आपल्या उपचारांत ब्युप्रेनॉर्फिनचा समावेश करण्याचे जाहीर केले तेव्हा संपूर्ण वर्ज्यतेच्या पुरस्कर्त्यांना तो विश्वासघात वाटला. औषध चालू असलेल्या माणसाला घेण्यावरून अशा घरांत अजूनही वाद होतात.