विधिशिक्षण, पुण्यातील

पुणे शहरातील कायद्याच्या पद्धतशीर अध्यापनाची परंपरा आणि ते करणाऱ्या संस्था. नुसते ‘लॉ कॉलेज’ म्हटले, की पुणेकराला इंडियन लॉ सोसायटीचे महाविद्यालय आठवते. जवळचा रस्ता आणि मागची टेकडीही त्याच नावाने ओळखली जाते. विद्यापीठाचा विधी विभाग, अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची विधी महाविद्यालये व इतर संलग्न महाविद्यालये ही त्यानंतरची वाढ होय.

या परंपरेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. एक मत तो १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत (हिंदू कॉलेज) नेते. तेथे व्याकरण, न्याय (तर्कशास्त्र), ज्योतिष यांच्याबरोबर धर्मशास्त्रही शिकवले जाई. त्या काळी वारसा, दत्तक, विभागणी अशा वादांत कंपनीची न्यायालये शास्त्र्यांकडून व्यवस्था, म्हणजे लेखी अभिप्राय, मागवत. पुणे प्रांतात मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची टीका, प्रमाण मानली जाई. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकणात मात्र नीलकंठाच्या व्यवहारमयूख या ग्रंथाला वजन होते. त्यामुळे कोणत्या ग्रंथाचे वचन कोठे लागू करायचे, हे जाणणारा शास्त्री न्यायालयाला हवा असे. मुंबई इलाख्यातील अशा व्यवस्था वेस्ट व ब्यूलर यांनी १८६० नंतरच्या दशकात संकलित केल्या. मात्र १८६४ च्या कायद्याने न्यायालयीन शास्त्र्यांची पदे रद्द झाली आणि हा धागा तुटला. शिवाय पाठशाळेत शास्त्र शिकवले जाई. दिवाणी कार्यपद्धती आणि वकिलीचा व्यवसाय हे तिचे विषय नव्हते. म्हणून तिला पूर्वपीठिका म्हणावे, आरंभ म्हणणे ताणल्यासारखे होते.

दुसरे मत वकिलीच्या परीक्षांसाठी चालणाऱ्या खासगी वर्गांना महत्त्व देते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वर्ग बाळ गंगाधर टिळकांचा. तो साधारणतः १८९० च्या सुमारास सुरू झाला असावा. १८९६ मध्ये साताऱ्याहून आलेले न. चिं. केळकर या वर्गाच्या आणि वृत्तपत्रांच्या कामात टिळकांना साहाय्य करू लागले. पदवी देण्याचा अधिकार या वर्गांना नव्हता. तरीही परीक्षा, सनद (वकिलीचा परवाना) आणि न्यायालय ही साखळी येथेच प्रथम स्पष्ट दिसते, त्यामुळे आजच्या महाविद्यालयांचे जवळचे नाते पाठशाळेपेक्षा या वर्गांशी आहे. पुण्यात राहून पदवीपर्यंतचे विधिशिक्षण मात्र १९२४ मध्ये सुरू झाले, असे मानणे योग्य ठरेल.

इंडियन लॉ सोसायटीची स्थापना १९२३ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालय उघडले. तोवर एल्‌एल्‌. बी.साठी पुण्याच्या विद्यार्थ्याला मुंबईची वाट धरावी लागे. टिळकांची स्वतःची पदवीही (१८७९) तिकडचीच. पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे हिंदू विधिग्रंथांचे संपादक आणि भाषांतरकार होते. मिताक्षरेचा अभ्यासक आधुनिक विधी महाविद्यालयाचा प्रमुख व्हावा, यात वर उल्लेखिलेला तुटलेला धागा पुन्हा जुळलेला दिसतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (१९१७) याच परिसरात आहे. पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राच्या इतिहासावरील पाच खंडांचा ग्रंथ तिनेच प्रसिद्ध केला. माजी विद्यार्थ्यांत सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर व य. वि. चंद्रचूड, तसेच यशवंतराव चव्हाण यांचा समावेश होतो. प्रशासकीय कायद्याचे अभ्यासक स. पु. साठे हे पुढील काळातील प्राचार्य.

१९२३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे असे आहे. स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा त्याच वर्षी झाला. पुण्यात वाढलेल्या, डेक्कन कॉलेजच्या पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. पदवी हाती यायला १९२२ उजाडले.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर हे स्वतः संघ न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. सिंबायोसिसचे विधी महाविद्यालय १९७७ चे, भारती विद्यापीठाचे न्यू लॉ कॉलेज १९७८ चे. मूळ संस्थांना अभिमत दर्जा मिळाल्यावर दोन्हींचे अभ्यासक्रम व परीक्षा स्वतंत्र झाल्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे नवलमल फिरोदिया विधी महाविद्यालय, गणेशखिंडीतील मॉडर्न विधी महाविद्यालय ही नंतरची. संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश २०१६ पासून राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे (सीईटी) होतात.

महाविद्यालयाची वाढ केवळ व्यवस्थापनाच्या इच्छेवर ठरत नाही. वकील अधिनियम, १९६१ नुसार शिक्षणाची मानके भारतीय विधिज्ञ परिषद ठरवते. तिच्या २००८ च्या नियमांप्रमाणे एका तुकडीत ६० पेक्षा अधिक विद्यार्थी घेता येत नाहीत. तुकडी वाढवायची तर परिषदेची मान्यता लागते. प्रत्येक महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असावेच लागते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्ट) १०० गुणांच्या विषयात युक्तिवादाला ३०, खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत व पूर्वतयारीला ३० आणि तोंडी परीक्षेला १० गुण असतात. वार्षिक अहवालांत स्पर्धांतील करंडक ठळकपणे येतात. परंतु महाविद्यालयाचे वर्ष कसे गेले, हे विधी साहाय्य केंद्रात आलेल्या पक्षकारांवरून आणि निरीक्षणाच्या वह्यांवरून अधिक खरेपणाने कळते.

उच्च न्यायालयाचे खंडपीठ पुण्यात नाही. त्यामुळे अपिलांच्या वकिलीकडे ओढा असलेले पदवीधर मुंबईला जातात, बाकीचे शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा तालुक्याच्या ठिकाणी सनद घेऊन उभे राहतात. वर्गातील अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून चालते, तर दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश याच गरजेतून तयार झाला. तरी कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), मनाई हुकूम हे शब्द नवा वकील अजूनही बहुधा ज्येष्ठाच्या टेबलाशी बसूनच शिकतो.