एनएचएसचा अर्ज: जीपीए भरपूर असूनही नकार का येतो?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल दहावीत गेलं की नॅशनल ऑनर सोसायटीचा, म्हणजे एनएचएस या हायस्कूलमधल्या गुणवंत मुलांच्या देशव्यापी संस्थेचा, विषय निघतोच. मग काही महिन्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी आई कळवळून विचारते, "आमच्या हिचा जीपीए ३.९, तरी घेतलं नाही. असं कसं?" असंच असतं ते. इथे जीपीए (सगळ्या विषयांतल्या ग्रेडची सरासरी, एरवी ४ पैकी) म्हणजे नुसतं हॉलतिकीट, पेपर पुढेच आहे.

मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२१ साली ही सोसायटी सुरू केली. निवडीचे निकष चार: अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य. आपल्याकडे पहिल्यावर चार वर्षं घाम गाळतात आणि उरलेले तीन आदल्या रात्री फॉर्मवर लिहून काढतात.

पात्रता थोडक्यात अशी. मूल दहावी, अकरावी किंवा बारावीत हवं. नववीतल्यांना प्रवेश नाही. त्या शाळेत निदान एक सेमिस्टर झालेलं असावं. एकत्रित जीपीए ४ पैकी किमान ३.० (किंवा ८५ टक्के) हवा. ही देशपातळीवरची किमान अट. शाळा ती वाढवू शकते आणि पुष्कळ शाळा वाढवतातच. वेटेड जीपीए (अवघड विषयांना जास्त वजन देणारा) धरायचा की अनवेटेड (सगळे विषय सारखे मोजणारा), हेही शाळेच्या नियमांत पाहावं लागतं. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांनी आधी काउन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला, गाठावं. काही शाळा तिकडच्या विषयांचं क्रेडिट देतात, पण ग्रेड जीपीएत धरत नाहीत. आधीच्या शाळेत सदस्य असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. नव्या शाळेत सोसायटीची शाखा असेल तर जुन्या शाळेचं पत्र दाखवल्यावर त्याला सामावून घ्यावंच लागतं.

आता खरी अडचण: सेवेच्या तासांचा पुरावा. किती तास, कोणत्या काळातले, हे प्रत्येक शाळा आपापलं ठरवते. काही ठिकाणी नववीपासूनचे सगळे चालतात, तर काही ठिकाणी फक्त गेल्या वर्षभरातले. प्रत्येक नोंदीपुढे काम पाहणाऱ्या मोठ्या माणसाची सही आणि फोन किंवा ईमेल मागतात, आणि तो माणूस नात्यातला चालत नाही. इथेच आपली पंचाईत होते. मुलगी दोन वर्षं मराठी शाळेत छोट्यांच्या वर्गाला मदत करते आणि त्या शाळेची संचालिका तिचीच आई असते. गणेशोत्सवात मुलगा दिवसभर पानं वाढतो, आणि मंडळाची त्या वर्षीची कार्यकारिणी आता बदललेली असते. नव्या अध्यक्षांना काहीच ठाऊक नसतं, आणि जुने टेक्सासला गेलेले. म्हणून सही त्याच दिवशी घ्या, कार्यक्रमाची सतरंजी गुंडाळायच्या आत. तारीख, तास, केलेलं काम आणि सही, एवढं एका वहीत असलं की पुरे. उन्हाळ्यात आजोळी जाऊन वाचनालयात काम केलं असेल तर तिथल्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र आणा. धार्मिक कार्यक्रमातली मदत आणि भारतातले तास चालतात का, हे शाळेला आधी विचारा. मानधन मिळालं असेल तर ती सेवा नव्हे.

नेतृत्वाच्या रकान्यात पदंच लागतात असं नाही. रोबोटिक्सच्या टीममध्ये नवख्यांना शिकवलं, हेही लिहिता येतं. चारित्र्याच्या बाबतीत मात्र फॉर्म कितीही सुंदर भरा, कॉपीचं किंवा उचलेगिरीचं एक प्रकरण जड जातं.

तारखेचा घोळही नेहमीचा. पात्र असल्याची सूचना बऱ्याचदा मुलाच्या शाळेच्या ईमेलवर येते, आईवडिलांना नाही, आणि मुलं तो ईमेल किती उघडतात हे सांगायला नको. शिवाय शेवटची वेळ मध्यरात्र असेलच असं नाही. कित्येकदा ती शाळा सुटायची असते. फॉर्म बाद व्हायला पालकांची राहून गेलेली सही एवढंच कारण पुरतं.

निवड पाच शिक्षकांची समिती बहुमताने करते. सोसायटीचे सल्लागार शिक्षक बैठकीत असतात, पण त्यांना मत नसतं. तेव्हा त्यांना लांबलचक ईमेल पाठवून उपयोग नाही, मुलाची मात्र चारचौघांत शोभा होते. नकाराचं कारण लेखी देण्याचं बंधनही शाळेवर नाही. हे मला पटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कुठे कमी पडलं ते दोन ओळींत सांगायला काय हरकत आहे? पण नियम तसा आहे, आणि राष्ट्रीय कार्यालय शाळेचा निर्णय बदलत नाही. तक्रार असेल तर सल्लागार, मग मुख्याध्यापक, याच क्रमाने जा आणि बोलणी मुलालाच करू द्या. फॉर्ममधला कागद गहाळ झाला होता किंवा तास मोजताना चूक झाली होती, असं दाखवता आलं तरच त्या बोलण्याला अर्थ. बारावीच्या आधी नकार आला असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो.

सदस्य शाळेतूनच होता येतं. घरच्या पत्त्यावर "तुमच्या पाल्याची निवड झाली आहे, फी भरा" अशी मिळत्याजुळत्या नावाची पत्रं येतात, त्यांचा एनएचएसशी संबंध नसतो. चेक फाडण्याआधी काउन्सेलरला विचारा.

निवड झाल्यावरही जीपीए आणि सेवा टिकवावी लागते. बारावीत कॉलेजचं पत्र हातात पडलं की सभांना दांडी मारणारे काही कमी नसतात. आधी लेखी ताकीद येते, मग सुनावणी. एकदा काढून टाकलं, किंवा मुलाने स्वतःहून राजीनामा दिला, की परतीचा रस्ता नाही. दुसऱ्या शाळेत गेलं तरी नाही.