इजिप्तची देवळे ओस पडली, ती कशाने?

दक्षिण इजिप्तमध्ये नाईल नदीच्या पात्रात फिले नावाचे बेट होते आणि त्यावर इसिस देवीचे मोठे देवस्थान होते. तिथल्या एका दरवाजाच्या भिंतीवर मंदुलिस या देवाची आकृती कोरलेली आहे. तिच्या शेजारी नेस्मेतेराखेम नावाच्या पुजाऱ्याने चित्रलिपीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि इसिसचा दुय्यम पुजारी हा आपला हुद्दा लिहून हे लेखन सदासर्वकाळासाठी असल्याचे नोंदवले आहे. लेखाची तारीख २४ ऑगस्ट ३९४ अशी येते. तीन हजारांहून अधिक वर्षे चालत आलेल्या त्या लिपीतला, ज्याचा काळ निश्चित सांगता येतो असा हा शेवटचा लेख आहे.

याच्या दोन-तीन वर्षेच आधी, ३९१ आणि ३९२ मध्ये, रोमन सम्राट थिओडोसियस याने बळी देण्यावर आणि देवळांत जाण्यावर बंदी घातली होती, आणि त्याच सुमारास अलेक्झांड्रियातील सेरापिस देवाचे प्रसिद्ध मंदिर ख्रिस्ती जमावाने उद्ध्वस्त केले. एकेश्वरी धर्माच्या हाती सत्ता आली आणि तिने बहुदेवपूजा मोडून काढली, असा निष्कर्ष या तारखा शेजारी ठेवल्या की सहज निघतो. पुरातत्त्वाचा पुरावा मात्र त्याला साथ देत नाही. थिओडोसियसचा हुकूम निघाला तेव्हा इजिप्तमधील बहुतेक मोठी देवळे शंभर वर्षे आधीच खंगलेली होती.

याचे कारण इजिप्तच्या जुन्या धर्माच्या घडणीत आहे. देवळातील मूर्तीला रोज उठवायचे, न्हाऊ घालायचे, वस्त्रे नेसवायची, नैवेद्य दाखवायचा, हे काम पिढ्यानपिढ्या तयार झालेले पुजारी करत, आणि त्यांचा चरितार्थ देवळाच्या जमिनींवर चाले. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखीच ही व्यवस्था होती. इ.स.पू. ३० मध्ये रोमने इजिप्त जिंकल्यावर यातल्या बऱ्याच जमिनी सरकारच्या ताब्यात गेल्या आणि पुजारी सरकारी अनुदानाचे मिंधे झाले. पुजाऱ्याने लोकरी वस्त्र घालू नये, केस वाढवू नयेत, इथपर्यंतचे नियम सरकारी खजिन्याचा अधिकारी पाहू लागला. राज्य सुस्थितीत होते तोवर हे निभावले. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात बंडाळी माजली, नाण्यातील चांदी जवळजवळ नाहीशी झाली, आणि देवळांकडे जाणारा पैसा आटला.

हे आटणे भिंतींवर दिसते. फेरोंची परंपरा पाळून रोमन सम्राटांची नावेही चित्रलिपीत, लंबवर्तुळाकार चौकटीत कोरली जात असत. एस्नाच्या देवळात अशा नावांची माळ २४९ ते २५१ या काळात राज्य करणाऱ्या डेसियसपाशी संपते. इ.स. ३०० च्या सुमारास लक्झरच्या देवळाची फौजी छावणी झाली आणि तिथल्या एका दालनात देवांच्या कोरीव चित्रांवर गिलावा चढवून सम्राटांची चित्रे रंगवण्यात आली. तेव्हा गादीवर डायोक्लेशियन होता, ख्रिस्ती लोकांचा कडवा छळ करणारा आणि जुन्या देवांचा अभिमानी. ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी सगळे खापर नव्या धर्मावर फोडता येत नाही.

देवळांबरोबर लिपीही गेली, कारण चित्रलिपी शिकवणाऱ्या शाळा देवळांतच होत्या. सामान्य इजिप्शियन माणसाची भाषा आता ग्रीक अक्षरे आणि जुन्या लिपीतून उचललेली मोजकी चिन्हे यांत लिहिली जाऊ लागली. हीच कॉप्टिक लिपी, आणि तिचा प्रसार मुख्यतः ख्रिस्ती मंडळींनी केला. ही लिपी शिकायला कोणत्याही देवळाची पायरी चढावी लागत नव्हती.

पण देवळे ओस पडणे आणि माणसांची श्रद्धा उडणे या एकाच गोष्टी नव्हेत. अबायडॉस येथे सेती राजाच्या जुन्या देवळात बेस या बुटक्या देवाचा कौल लागत असे, आणि लोक चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवत. अशा काही चिठ्ठ्या ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टँशियसच्या हाती पडल्या. राज्याच्या भवितव्याविषयी देवाला विचारणे म्हणजे राजद्रोह, असे ठरवून त्याने ३५९ मध्ये खटले चालवले आणि लोकांचे अतोनात हाल केले. बेसकडे भरवशाने चिठ्ठी धाडणारी माणसे तेव्हाही होती, हे त्यातून कळतेच.

मग धर्मांतराचा वेग मोजायचा कसा? इजिप्तच्या कोरड्या वाळूत कराच्या याद्या, भाडेपट्टे, पत्रे असे हजारो पपायरस टिकले आहेत. इतिहासकार रॉजर बॅग्नॉल यांनी १९८२ मध्ये या कागदांतील व्यक्तिनामे तपासली आणि ख्रिस्ती नावांचे प्रमाण पिढी-दर-पिढी कसे वाढते, यावरून चौथ्या शतकात इजिप्तचे धर्मांतर बरेच लवकर झाले, असे मांडले. पद्धत कल्पक आहे. तिच्यावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते मला रास्त वाटतात, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवणाऱ्या समाजात नाव श्रद्धेच्या मागे रेंगाळते.

फिलेचे देवस्थान इतके टिकले, त्याचे कारण राजकीय होते. डायोक्लेशियनने २९८ च्या सुमारास साम्राज्याची सीमा मागे घेऊन या बेटाजवळ आणली होती. पलीकडचे ब्लेमी आणि नोबाद लोक इसिसचे निस्सीम भक्त होते, आणि त्यांना दुखावणे सीमेवर परवडणारे नव्हते. ४५३ च्या सुमारास झालेल्या तहात तर इसिसची मूर्ती ठरावीक काळ आपल्या मुलखात नेण्याची मुभा त्यांना मिळाली. पुढे ५३५ ते ५३७ च्या दरम्यान सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून सेनापती नार्सेस याने देवस्थान बंद केले, पुजाऱ्यांना कैद केले आणि मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला धाडल्या.

कौल मागायची रीत मात्र त्याच शतकात ऑक्सिरिंकस शहरी चालू होती. आता ती संत फिलोक्सेनस यांच्या चर्चमध्ये पोचली होती. प्रश्नाच्या दोन चिठ्ठ्या लिहायच्या, एक होकाराची आणि एक नकाराची, आणि जी परत येईल ती देवाची आज्ञा मानायची, ही पद्धत जुन्या देवांच्या काळापासूनची. तिथल्या एका चिठ्ठीत अनूप नावाच्या आजाऱ्याला संतांच्या रुग्णालयात न्यावे का, असे विचारले आहे. प्रश्न ख्रिस्ती देवाला आहे, आणि रुग्णाचे नाव अनुबिस या कोल्हेमुखी देवावरून आलेले आहे.