दगड की दात?

जीवाश्म सापडण्यात नशिबाचा वाटा लोकांना वाटतो तेवढा नसतो. सुट्टीसाठी कोणता किनारा निवडला, तिथेच निम्मा निकाल लागतो. लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळावर आठवडाभर वाकून चाललं, तर पाठदुखीपलीकडे हाती काही येणार नाही. वितळलेल्या खडकात शिंपला टिकणार कसा? ग्रॅनाइटचीही तीच गत. आपल्याला हवा असतो गाळाचा खडक. चिखल, वाळू, चुना यांचे थर साचत गेले, त्यात मेलेले जीव गाडले गेले आणि वरच्या थरांच्या भाराखाली सगळ्याचा दगड झाला. असा थरांचा कडा समुद्राला लागून असेल आणि लाटा त्याला रोज कुरतडत असतील, तर खोदकाम समुद्रच करतो. आपण फक्त वाकायचं.

इंग्लंडच्या दक्षिणेचा 'जुरासिक कोस्ट' याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण. डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनमधला हा सुमारे १५५ किलोमीटरचा किनारा. त्याच्या कड्यांमध्ये साडेअठरा कोटी वर्षांचे थर उघडे पडले आहेत आणि २००१ पासून तो जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. त्यातल्या लाइम रीजिस या गावात मेरी अ‍ॅनिंग (१७९९-१८४७) राहायची. १८११ मध्ये तिच्या भावाला कड्यात एक लांबलचक कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी मेरीने त्या प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर होता, म्हणजे समुद्रात राहणारा, माशाच्या आकाराचा सरपटणारा प्राणी. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला. त्याची मान इतकी लांब होती की जॉर्ज क्युव्हिएसारख्या दिग्गज फ्रेंच शरीरशास्त्रज्ञालाही आधी त्यात लबाडीचा वास आला. नंतर त्याने आपलं मत बदललं.

मेरी शोधायला निघायची ती हिवाळ्यात, वादळं होऊन गेल्यावर. आजही हीच वेळ उत्तम, कारण पावसाने मऊ झालेले कडे ढासळतात आणि लाटा तो ढिगारा धुऊन काढतात. फक्त अडचण अशी, की जीवाश्म सापडायची वेळ आणि दरड अंगावर यायची वेळ एकच असते. १८३३ मध्ये मेरीचा कुत्रा तिच्या पायाशीच कोसळलेल्या दरडीखाली गेला. ती थोडक्यात बचावली. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी रेंगाळायचं नाही. तिथून सुटून आलेला माल खाली गोट्यांमध्ये सापडतोच. दुसरी खबरदारी भरतीची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांबवर जाते आणि एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो. पण उधाणाची भरतीही त्याच दिवसांत येते, आणि दोन सुळक्यांमधल्या किनाऱ्यावर परतीची वाट पाण्याखाली जायला वेळ लागत नाही. पाणी ओसरत असताना निघावं आणि ते वळायच्या आत परत फिरावं.

किनाऱ्यावर पोचल्यावर नवखा माणूस चालत सुटतो. खरं तर उलट करायला हवं. लाटा दगडगोट्यांची सतत प्रतवारी करत असतात: सारख्या आकाराचे, सारख्या वजनाचे तुकडे एकाच पट्ट्यात येऊन पडतात. लाइम रीजिसशेजारच्या चारमथच्या किनाऱ्यावर पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या पिवळसर चमकणाऱ्या खनिजाचे छोटे अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचे जुने समुद्री जीव मिळतात. हे खनिज जड असल्यामुळे ते अमोनाइट इतर जड, गडद खड्यांबरोबर ठरावीक जागी साठतात. असा एक पट्टा सापडला की तिथेच गुडघे टेकावेत आणि हातभर जागा सावकाश पाहावी. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन असेल तर फारच छान. बारीकशा कंगोऱ्याचीही सावली पडते.

पाहायचं काय? माझं उत्तर एका शब्दात सांगतो: नियमितपणा. दगड फुटतो, घासतो, झिजतो तो कसाही. सजीव मात्र नियमाने वाढतात. सारख्या अंतरावरच्या रेघा, ठरावीक प्रमाणात रुंदावत जाणारं वेटोळं, मधोमध कापलं तर दोन सारखे भाग, पाच पाकळ्यांची मांडणी, यांपैकी काही दिसलं तर तो खडा उचलायचा.

अमोनाइटचं वेटोळं बहुतेकांना ओळखू येतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबरच नामशेष झालेला हा माकूल-ऑक्टोपसच्या कुळातला जीव. त्याची झिजलेली चकती आणि साध्या गोगलगायीचा शंख यांत गोंधळ होऊ शकतो. अमोनाइटचं वेटोळं बहुधा एकाच पातळीत, सपाट असतं, तर गोगलगायीचं मळसूत्रासारखं वर चढतं. शिवाय अमोनाइटच्या आत पडदे घालून कप्पे केलेले असत. वरचं कवच निघून गेलेल्या नमुन्यावर त्या पडद्यांच्या कडा नागमोडी, नक्षीदार रेघांसारख्या दिसतात आणि जाणकार त्या रेघांवरून जातसुद्धा सांगतात. व्हिटबी या इंग्लंडमधल्याच दुसऱ्या गावात अमोनाइट म्हणजे दगड झालेले साप, अशी दंतकथा होती. साप म्हटला की डोकं हवंच, म्हणून विक्रेते ते कोरून द्यायचे! अशी डोकी कोरलेले नमुने आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात.

माकुलांचाच दुसरा नातेवाईक बेलेमनाइट. त्याच्या शरीरातला कठीण भाग बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार असतो. मोडलेला तुकडा मिळाला तर उत्तमच: तुटलेल्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत किरणांसारखे कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाचे स्फटिक दिसतात. पेन्सिलीएवढ्या गुळगुळीत खड्यात हे दिसलं की शंका उरत नाही.

शिंपल्यांमध्ये एक गंमत आहे. दोन झडपांचा प्रत्येक जीव शिंपल्याच्या कुळातला नसतो. ब्रॅकिओपॉड नावाचा अगदी वेगळा गट दिसायला तसाच, आणि जुन्या खडकांत तो विपुल आहे. ओळखायची युक्ती सोपी. शिंपल्याची एकच झडप समोर धरली तर तिच्या डाव्या-उजव्या बाजू सहसा सारख्या नसतात. सारख्या असतात त्या दोन झडपा एकमेकींना. ब्रॅकिओपॉडमध्ये प्रत्येक झडप मधोमध सारखी दुभागते, पण एक झडप मोठी आणि दुसरी लहान असते. याला अपवाद आहेत, पण पहिल्या अंदाजाला एवढं पुरतं.

हाडाच्या बाबतीत रंगावर आणि आकारावर विसंबू नये. लांबट, दोन्ही टोकांना फुगीर दगड हाडासारखे दिसतात म्हणून पुष्कळ लोक पिशव्या भरून आणतात. तुटलेल्या कडेला भिंग लावावं. हाडाला बाहेरून घट्ट थर आणि आत स्पंजासारखी जाळी असते. दगडात ती रचना नसते. जुन्या संग्राहकांची आणखी एक पद्धत म्हणजे जिभेचं टोक लावून पाहणं. सच्छिद्र हाड ओल शोषतं आणि जिभेला किंचित चिकटतं. सगळी छिद्रं खनिजाने भरली असतील तर मात्र चिकटत नाही, आणि किनाऱ्यावर पडलेली कुठलीही वस्तू तोंडात घालण्याआधी विचार करावा, हे आलंच.

नेदरलँड्समध्ये तर या हाडांसाठी कड्याचीही गरज पडत नाही. द हेगच्या दक्षिणेला २०११ मध्ये किनाऱ्याच्या संरक्षणासाठी समुद्रतळातून सुमारे २ कोटी घनमीटर वाळू उपसून टाकली. हिमयुगात उत्तर समुद्राचा तो तळ कोरडी जमीन होता आणि त्यावर मॅमथ चरत होते. त्यामुळे माणसाने रचलेल्या या पुळणीवर फिरायला आलेल्यांना मॅमथच्या दाढांचे आणि हाडांचे तुकडे मिळत राहिले आहेत. निअँडरथल माणसाने वापरलेलं, बर्च झाडाचं डांबर चिकटलेलं चकमकीचं एक पातंही तिथेच सापडलं.

सुट्टीत जीवाश्म हवाच असेल, तर सगळ्यांत भरवशाचा म्हणजे शार्कचा दात. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणून तो सहसा कुजून जातो. दात मात्र आयुष्यभरात हजारो पडतात आणि त्यांवरचं आवरण अतिशय कठीण असतं. अमेरिकेत मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सखाली आणि फ्लोरिडातल्या व्हेनिसच्या किनाऱ्यावर चाळणी घेऊन बसलेली माणसं याच्याच मागे असतात. काळ्या त्रिकोणी खड्यांच्या ढिगात दात कसा ओळखावा? वरचा भाग चकचकीत आणि कडांना धारदार, कधी करवतीसारखा. खालचं मूळ मात्र खरबरीत, बिनचमकेचं आणि बहुधा दोन फाट्यांचं. दोन वेगळे पोत एकाच तुकड्यावर, मध्ये स्पष्ट सीमा, आणि दोन्ही बाजू जुळत्या. साध्या खड्यावर हे सगळं एकत्र येत नाही. काळा रंग गाडला गेल्यावर गाळातल्या खनिजांमुळे येतो, वयामुळे नव्हे. म्हणून जास्त काळा तो जास्त जुना, हे गणित चुकीचं. हाताच्या पंजाएवढा, करवती कडांचा दात मिळाला, तर तो बहुधा सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मेगालोडॉन या प्रचंड शार्कचा. त्याचे मोठे दात १८ सेंटीमीटरच्या आसपास भरतात.

हे दात आहेत हे आज उघड वाटतं, पण शतकानुशतकं त्यांना 'जिभेचे दगड' म्हणत. ते आकाशातून पडतात असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं होतं. विषावर उतारा म्हणून ते जवळ बाळगले जात. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला आणि त्याचं डोकं निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आलं. त्याने जबड्यातले दात आणि 'जिभेचे दगड' शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आणि १६६७ मध्ये निष्कर्ष छापला. फाबिओ कोलोन्ना या इटालियन अभ्यासकानेही १६१६ मध्ये हेच सांगितलं होतं, पण स्टेनो पुढच्या प्रश्नाला भिडला: समुद्री प्राण्याचा दात डोंगरातल्या खडकात शिरला कसा? त्याच्या उत्तरातून खडकांचे थर खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे वाचायची रीत आली. भूशास्त्राचा पाया असा एका दाताने घातला, असं मी म्हणेन. थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

फसवणारेही पुष्कळ असतात. खडूच्या कड्यांतल्या चकमकीच्या गाठी कधी हाडांसारख्या, कधी पावलांसारख्या दिसतात. कित्येकदा प्राण्यांच्या जुन्या बिळांत सिलिका, म्हणजे चकमकीचं मूळ द्रव्य साचून तो आकार आलेला असतो. नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर पानाची मधली शीर शोधावी. ती नसेल आणि नक्षी फक्त भेगेच्या पृष्ठभागावरच पसरलेली असेल, तर ते मँगनीजच्या ऑक्साइडचे स्फटिक आहेत. गोल दगड म्हणजे डायनासोरचं अंडं, हा समज तर जगभर आहे. गाळात एखाद्या बिंदूभोवती खनिज साचत जाऊन असे गोळे होतात. न्यूझीलंडमधल्या मोएराकीच्या किनाऱ्यावर ते दोन मीटर व्यासाचेही आहेत. अर्थात गोळा लगेच टाकूनही देऊ नये. ज्या बिंदूभोवती तो वाढला, तो बिंदू कधी कधी अमोनाइटच असतो.

एक फसवणूक मात्र खरोखर धोक्याची. बाल्टिक किनाऱ्यावर लोक अंबर, म्हणजे चारेक कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची घट्ट झालेली राळ वेचतात. जर्मनीच्या उजेडोम बेटाच्या आसपास दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबमधला पांढरा फॉस्फरसही वाहून येतो, आणि तो हुबेहूब अंबरसारखा पिवळट दिसतो. ओला असतो तोवर गप्प. खिशात वाळला की अंगाच्या उबेने पेट घेतो. लोक गंभीर भाजले आहेत. तिथे सापडलेला पिवळा खडा खिशात न घालता पत्र्याच्या डब्यात ठेवावा. तो पूर्ण वाळून निर्धोक ठरल्यावर मिठाच्या संपृक्त पाण्यात टाकून पाहावं. अंबर तरंगतं, काच बुडते.

उचलायचं की नाही, हे जागेवर ठरतं. सुटा दगड वेचणं अनेक ठिकाणी चालतं, कड्यात खोदणं चालत नाही. कॅल्व्हर्ट क्लिफ्सच्या सरकारी उद्यानातही तोच नियम आहे. ब्राझीलमध्ये १९४२ पासून जीवाश्म ही सरकारची मालमत्ता आहे. जाण्याआधी चौकशी केलेली बरी, नाहीतर विमानतळावर उत्तरं द्यावी लागतात.

उचललंच तर जागा, तारीख आणि कोणत्या थराखाली मिळालं ते लगेच लिहून ठेवावं. ही चिठ्ठी नसेल तर अभ्यासकाच्या लेखी नमुन्याची निम्मी किंमत जाते. २०२० मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर एका ११ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना मोठ्या हाडाचे तुकडे दिसले. त्यांनी ते मिरवण्याऐवजी तज्ज्ञांना कळवलं. त्याच किनाऱ्यावर २०१६ मध्ये मिळालेल्या तशाच हाडाशी ते ताडून पाहता आले आणि तुकडे जुळवल्यावर दोन मीटरहून लांब जबड्याचं हाड तयार झालं. २०२४ मध्ये त्यावरून इक्थिओसॉरांच्या गटातली 'इक्थिओटायटन' ही नवी प्रजाती जाहीर झाली: वय सुमारे २०.२ कोटी वर्षं, अंदाजे लांबी २५ मीटर. शोधनिबंधाच्या लेखकांत त्या मुलीचंही नाव आहे.

घरी आणलेला नमुना गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि पाणी बदलत राहावं. आत मुरलेलं मीठ वाळताना स्फटिक होतं आणि चांगला दगड फोडतं. पायराइटचा अमोनाइट त्यातल्या त्यात नाजूक. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन गंधकाचं आम्ल तयार होतं, आणि वीस कोटी वर्षं टिकलेली वस्तू काही वर्षांत पिठूळ होते. ती स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डबीत ठेवावी; आणि फोटो मात्र पहिल्याच दिवशी काढावा.